निळा चिमटा

आईची उघडी शवपेटी मारेच्या, म्हणजे आमच्या कुळाच्या आवारातल्या सभाघरात होती आणि रीतीप्रमाणे बाबांनी तिच्या शेजारीच जमिनीवर गादी टाकली होती. त्यांच्या पोटात औषधी पाणी भरून पुन्हा काढून घेणारं डायलिसिसचं यंत्र आम्ही घरून आणलं होतं. रात्री भाषणं, गाणी चालतात, म्हणून ते दुपारी लावलं.

इतकी वर्षं यंत्र आईनंच सांभाळलं. ते ओरडलं की आधी साबणानं हात धुवायची, मग नळी चाचपत म्हणायची, "म्हाताऱ्या, डाव्या कुशीवर हो." आकड्यांना मात्र तिनं कधी हात लावला नाही.

आज यंत्र ओरडलं तेव्हा फाटकाशी पाहुणे थांबले होते. पडद्यावर अक्षरं होती, निचरा कमी. कुशी बदलून झाल्या, यंत्र खुर्चीवरून खाली ठेवून झालं. बाबांचं पोट तट्ट फुगलेलं, धाप लागलेली. मला रडूच येत होतं.

"ताई, यंत्रातली ती निचऱ्याची किमान मर्यादा खाली आण ना," टिपेने नावाचा माझा धाकटा भाऊ कुजबुजला. "आईसमोर हे काय किंचाळणं! लोक काय म्हणतील?"

मी नर्स शोनाला फोन लावला.

"खबरदार मर्यादेला हात लावाल तर," ती म्हणाली. "अलार्म गप्प होईल, पाणी आतच राहील आणि वरून आणखी भरेल. त्यांना उठवून बसव. नळी पोटापासून शेवटपर्यंत बघ, कुठे मुडपलीय का, चिमटा राहिलाय का. नाहीच जमलं तर अँब्युलन्स बोलव."

टिपेनेचा चेहरा उतरला. "सकाळी मीच लावला होता, निळा. भेटताना रीतीचं नाकाला नाक लावायला लोक बाबांवर वाकतात, नळी ओढली जाईल म्हणून. पण काढला मी. बहुतेक."

"बहुतेक?"

फाटकातून पाहुण्यांची हाक आली. मावशी उत्तर द्यायला धावली. टिपेनेचं बोट बटणाकडे गेलं. मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

अलार्म थांबला.

नळीतून पाणी खळखळत निघालं.

आम्ही दोघं तसेच होतो. मर्यादेचा आकडा जिथल्या तिथे होता.

बाबा डाव्या कुशीवर वळले होते, पेटीकडे तोंड करून. श्वास मोकळा झाला होता. डोळे मिटूनच पुटपुटले, "किती उशीर, म्हातारे."

नंतर गादी झटकली, पांघरुणं झटकली. चिमटा मिळाला नाही.

संध्याकाळी झाकण लावण्याआधी मी आईचा हात हातात घेतला. सकाळी उताणा असलेला तळवा आता मिटला होता. बोटांच्या फटीतून काहीतरी निळं दिसत होतं.

हात ओला होता. त्याला साबणाचा वास येत होता.