चौकातली हवा

हवा मोजण्याचं काम ऐकायला हलकं, करायला मात्र अवजड. यंत्र जिन्यावरून चढवताना ड्रायव्हरकाका दर वळणाला थांबून म्हणत, "ताई, हवाच मोजायची तर एवढं लोखंड कशाला? एखादा फुगा आणला असता." ताई हसायची. तिचं खरं नाव ओळखपत्रावर होतं. रस्त्यावर तिला सगळे हवाताईच म्हणत.

हमरस्ता रुंद व्हायचा होता. तो लहान लहान शहरांच्या पोटातून न्यायचा की बाहेरून वळसा घालून, हे ठरण्याआधी प्रत्येक शहराचं पाणी, झाडं, आवाज आणि हवा तपासायची होती. हवा हवाताईकडे. यंत्र दिवसभर हवा ओढत राहतं आणि आत बसवलेल्या गोल पांढऱ्या कागदावर धूळ साठत जाते. कागद जितका काळा, तितकी हवा वाईट. आणि हवा मुळातच वाईट असेल, तर तिथून आणखी ट्रक नेता येत नाहीत.

या शहरात जागा शोधावीच लागली नाही. चढावरचा सिग्नलचा चौक. तांबड्या दिव्याला थांबलेले ट्रक हिरवा लागताच धुराचा लोट सोडून निघत. कोपऱ्यावरच्या इमारतीत खाली पाळणाघर होतं आणि वर शिंपीणमावशींची खोली. मावशी तान्ह्या बाळांचे कपडे शिवत. सगळे पांढरे.

"ठेव गं तुझं यंत्र गॅलरीत," मावशी म्हणाल्या. "माझ्या मशीनला सोबत होईल."

"सोबत कसली मावशी, नुसतं घोरतं ते," काका म्हणाले. "आमच्या घरातल्या माणसासारखं."

"म्हणजे तुमच्यासारखं. बायकोला विचारून येऊ का?"

दुसऱ्या दिवशी हवाताईने चिमट्याने कागद बाहेर काढला. पांढरा. जसा घातला होता तसाच.

मोटर बंद पडली असेल म्हणून तिने पाहिलं; मोटर चालू होती. यंत्राच्या तोंडाला हात लावला, तर तळवा आत ओढला गेला. रस्त्यापलीकडे, औषधाच्या दुकानाच्या माडीवर, ताळा पाहण्यासाठी दुसरं यंत्र ठेवलं होतं. त्यातला कागद काजळासारखा निघाला. तिने यंत्रांची अदलाबदल केली. पुन्हा मावशींकडचा कागद पांढरा आणि पलीकडचा काळा.

"नवल कसलं त्यात," औषधवाला म्हणाला. "त्या पाळणाघरातलं एक पोर कधी खोकत नाही. माझ्या बाटल्या तशाच पडून आहेत. धंदा बुडवला की हो माझा!"

मग हवाताईच्या डोळ्यांना एकेक गोष्ट दिसायला लागली. मावशींच्या गॅलरीतल्या कुंड्यांची पानं नुकती पुसल्यासारखी होती. दोरीवर वाळत घातलेली झबली ट्रकच्या नाकासमोर डुलत, आणि संध्याकाळी काढताना त्यांच्यावर डाग नसे. खिडकीच्या काचेवर तिने बोट फिरवलं. बोट कोरडं आणि स्वच्छ.

थंडीचे दिवस होते. सकाळी बोलेल त्याच्या तोंडातून वाफ निघे. काकांच्या तर शिवीतूनसुद्धा वाफ येई. हवाताई चहाचा कप हातात धरून गॅलरीच्या दारात उभी होती. मावशी मशीन चालवत होत्या. खाली हिरवा दिवा लागला, ट्रक गुरगुरले, आणि मावशींचा पाय थांबला. सुई कापडातच उभी राहिली. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, डोळे मिटले आणि सावकाश, खोल श्वास घेतला. लोट वर येता येता विरून गेला.

पाय पुन्हा चालू लागला.

हवाताई त्यांनी श्वास सोडण्याची वाट पाहत राहिली. तिचा चहा निवला.

मावशी वळून हसल्या. "काय गं, बघतेस काय अशी?" एवढ्या गारठ्यात त्या एवढं बोलल्या, पण त्यांच्या तोंडासमोर वाफेचा पुंजका दिसला नाही.

दुपारी साहेबांचा फोन आला. "पांढरा? उत्तम! अहवालात पाळणाघराकडचीच हवा धरायची असते. रस्ता चौकातूनच जाऊ दे. उद्या शेवटचं मोज आणि तेच लिहून टाक."

हवाताई फोन ठेवून मावशींजवळ जाऊन बसली.

"मावशी, एक विचारू? रागावू नका. हिरवा दिवा लागला की तुम्ही काय करता?"

मावशींनी दोरा दातांनी तोडला. "माझा नेम आहे तो."

"कसला?"

"खाली लेकरं झोपलेली असतात."

हवाताईचा हात आपोआप त्यांच्या पायांकडे गेला. मग जड जिभेने तिने बाकीचं सांगितलं. कागद पांढरा राहिला, तर दुप्पट ट्रक इथूनच जाणार होते. रात्रंदिवस.

मावशी मांडीवरच्या झबल्याकडे बघत राहिल्या. "करायला गेले काय, आणि होऊन बसलं काय."

"उद्या एक दिवस तो धूर आत घेऊ नका, मावशी. पाळणाघर बंद ठेवायला लावते मी."

"नेम कधी मोडला नाही गं. तापात फणफणत असतानासुद्धा नाही."

"मोडल्याचं काय ते माझ्या माथी," हवाताई चटकन म्हणाली.

मावशींनी मान वर केली. "असं बोलू नये, बाळ. बोललेलं लागतं."

दुसऱ्या दिवशी मावशी खिडकीकडे पाठ करून बसल्या. मशीनवर चादर टाकलेली. प्रत्येक हिरव्या दिव्याला त्यांचे खांदे थरथरत. हवाताईने त्यांचा हात दिवसभर हातात धरून ठेवला.

संध्याकाळी कागद निघाला तो पलीकडच्यापेक्षाही काळा. चिमट्यातून भुकटी झडली.

वळसा मंजूर झाला.

ती सांगायला गेली तेव्हा मावशी दारातच भेटल्या. बातमी ऐकून त्या मोठ्याने हसल्या, आणि त्यांच्या तोंडातून पांढरी शुभ्र वाफ निघाली. हरवलेलं माणूस दारात उभं दिसावं, तशा मावशी त्या वाफेकडे बघत राहिल्या. हवाताईला भरून आलं. इतकं मोठं माणूस, आणि ती नि काका सोडले तर ते कुणाला ठाऊकही नाही.

"सांभाळून राहा गं," निघताना मावशी म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या.

पुढच्या शहरात यंत्र प्रसूतिगृहाच्या गच्चीवर चढलं. खाली तसाच सिग्नल, तसेच ट्रक. पहिल्या दिवशी हवाताई दिवसभर यंत्राशेजारी उभी होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. खालच्या खोलीतून एका बाळाचं रडणं येत होतं, आणि तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

सकाळी तिने कागद काढला.

पांढरा.

"घ्या!" काका हसले. हसण्याची वाफ गच्चीवर तरंगत गेली. "इथेही कुणी मावशी आहेत की काय?"

तिने वळून पाहिलं. गच्ची मोकळी होती.

"नाही हो काका. इथे कुणीच नाही."

काका हसायचे थांबले. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

ती बोलली होती. तिच्या ओठांसमोरची थंड हवा मात्र तशीच होती, स्वच्छ आणि रिकामी.