चाळीस दिवसांची टाकी

मालूबाईला दारात बघताच अरविंदरावांनी चहाचा कप खाली ठेवला. आज आपण इथं नसतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

ही बुरहानपुरातल्या प्रतापपुऱ्यातली सुलभाताईंची पुढची खोली. ताईंनी बावीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधून काढले होते. निवृत्तीनंतर लोक खाजगी तपासाची कामं घेऊन त्यांच्याकडे येत. अरविंदराव म्हणजे कॉलेजच्या ऑफिसातले जुने हेडक्लार्क, सगळ्यांचे 'बडे बाबू'. स्कूटर त्यांची आणि डोकं ताईंचं, अशी दोघांची वाटणी.

"ताई, मी मासे नही मारले." मालूबाई उंबऱ्याशीच बसली. "विनायक सरांनी थान्यात अर्ज दिला. मले दिवसभर तिथं बसवलं. आता चारही घरांनी पोळ्यांचं काम बंद केलं. जहर घालणाऱ्या बाईच्या हातची पोळी कोन खाईल?"

तो अर्ज अरविंदरावांनीच लिहिला होता. विनायकराव त्यांचे कॉलेजातले मित्र, पण त्यांचं हिंदी कच्चं. त्यांनी सांगितलं, यांनी वळणदार अक्षरात उतरवलं. 'संदिग्ध चरित्र की महिला', म्हणजे संशयास्पद चारित्र्याची बाई, हे शब्द मात्र अरविंदरावांचे स्वतःचे होते.

ताईंना हे ठाऊक होतं. त्या मालूबाईकडेच बघत राहिल्या.

"मेलेले मासे तू पाहिलेस?"

"मीच पुरले, मागच्या केळीपाशी. जित्ते होते तवा सर काचेजवळ उभं राहू देत नव्हते. मेल्यावर म्हणे, तूच उचल. सगळ्यांच्या आंगावर बारीक मीठ चिकटल्यावानी होतं. पुसलं तं निघे ना."

"फिनेल?"

"फरशी पुसाले बालटीत घेतलं होतं. रोजच घेते."

ताई उठल्या. "चला अरविंदभाऊ, स्कूटर काढा."

विनायकराव लालबागेत राहत. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, उंच, ताठ. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना त्यांनी बुरहानपुरात घरच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी चालवून दाखवली होती, आणि गावातून लोक ती बघायला यायचे. आज ते काळा चष्मा लावून त्या टाकीकडे पाठ करून बसले होते.

"पंधरा दिवसांपूर्वी इंदौरहून मोतीबिंदू काढून आलो," ते म्हणाले. "नवा चष्मा अजून व्हायचाय. गेल्या आठवड्यात तीन दिवसांत सातही मासे गेले. पहिला मेला त्या सकाळी तिची फिनेलची बादली टाकीला टेकून होती. आणखी काय पुरावा हवा?"

"रोग नसेल कशावरून?"

विनायकराव हसले. "रोग माझ्या टाकीत येऊच शकत नाही, बाई. नवा मासा आणला की मागच्या खोलीतल्या टाकीत चाळीस दिवस एकटा ठेवतो. तांब्याचं औषध देतो. त्याची जाळी वेगळी, पाण्याचा मग वेगळा, टॉवेलसुद्धा वेगळा. आणि दीड वर्षात मी एकही मासा आणलेला नाही. रोग काय हवेतून येणार? म्हणजे विष. दुसरं काही उरतच नाही."

अरविंदरावांना हे बिनतोड वाटलं. अर्ज लिहिताना वाटलं होतं तसंच.

ताई टाकीपाशी गेल्या. अरविंदरावही वाकले. दगडांवरून लाल-पांढऱ्या पाठीचा एक झिंगा मिशा हलवत चालला होता. काचेवर तीन गोगलगायी सरकत होत्या. मासा एकही नव्हता.

"पाणी बदललंत?"

"थेंबभरही नाही. पुरावा आहे तो."

भिंतीवर एका माशाचा मोठा फोटो होता. नारंगी अंग, तीन पांढरे पट्टे, पण मधला पट्टा पाठीवरून निघून अर्ध्यातच थांबलेला.

"हा जोकर. नऊ वर्षं होता," विनायकरावांचा आवाज जरा खाली आला. "तेवढा फ्रीजमध्ये ठेवलाय. प्रयोगशाळेत पाठवायचाय."

तो दाखवायला उषाबाई, त्यांच्या पत्नी, दोघांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्यांनी फ्रीजरमधून डबी काढली. बर्फ झालेला बोटभर मासा. तिन्ही पट्टे पाठीपासून पोटापर्यंत ठळक. अरविंदरावांना मेल्या माशाकडे फार वेळ बघवेना. ते ओट्याकडे वळले. तिथं थर्माकोलचा एक कोरा डबा होता, झाकणावर अर्धवट फाटलेली चिकटपट्टी.

"थंडीत दही लागत नाही हो," उषाबाई घाईने म्हणाल्या. "यात बरं लागतं."

"हे इंदौरला होते तेव्हा टाकी कोण बघत होतं?" ताईंनी विचारलं.

"मीच. दहा दिवस. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं घालायचं आणि झाकण लावायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही, असं बजावून गेले होते."

"मासे आजारी दिसले का?"

"मला काय कळतंय त्यातलं?" उषाबाईंनी डबी पुन्हा आत ठेवली.

वरच्या मजल्यावर विनायकरावांचा पुतण्या श्रीकांत राहत असे.

"सच बताऊं? ती टाकी गेली तर मी पेढे वाटेन," तो म्हणाला. "लाईट गेली की घरातला एकुलता इन्व्हर्टर मास्यांना. पण मी काय करणार? मी तर काकांसोबत इंदौरलाच होतो. मधे एक दिवस आलो होतो फक्त, काकूचं काम होतं. शामको वापस."

"कसलं काम?"

"असंच. सामान द्यायचं होतं." तो खिडकीबाहेर बघू लागला.

ताईंनी सगळ्यांना खाली हॉलमध्ये बसवलं. मालूबाईलाही बोलावून घेतलं. ती दाराशी उभी राहिली. तिला कोणी बस म्हटलं नाही, तेव्हा ताईंनीच खुर्ची ओढून दिली.

"विनायकराव, फिनेल पडलं तर टाकीत आधी कोण मरेल? मासा की झिंगा?"

"झिंगा. तो फार नाजूक..." विनायकराव टाकीकडे वळले.

"पाणी तेच आहे, आणि त्यात झिंगा मजेत फिरतोय. गोगलगायी जिवंत आहेत. मेले ते फक्त मासे, आणि त्यांच्या अंगावर मिठासारखे दाणे होते. मालूबाईने पाहिले. माशांनाच धरतो असा हा कुठला प्रकार?"

"पांढरे ठिपके," ते पुटपुटले. "परजीवी. पण मला कोणी सांगितलं नाही! माझ्या डोळ्यांना..."

"तुम्हाला दिसत नव्हतं. ज्यांना दिसत होतं त्या गप्प राहिल्या. रोग हवेतून येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे एक मासा आला, चाळीस दिवस न थांबता. अरविंदभाऊ, फोटोतल्या जोकरचा मधला पट्टा कसा आहे?"

अरविंदरावांनी मान वर केली. "अर्धा."

"आणि डबीतल्याचा?"

"पूर्ण. पोटापर्यंत."

"नऊ वर्षांत अर्धा राहिलेला पट्टा मेल्यावर पूर्ण होत नाही. डबीत आहे तो दुसराच मासा. तुमचा जोकर तुम्ही इंदौरला असतानाच गेला. तसाच मासा तिथून मागवला गेला. जिवंत मासा थंडीत प्रवासाला निघाला की थर्माकोलच्या डब्यातून येतो. तुमच्या घरात ज्या डब्यात आता दही लागतं, तसल्या. तो घेऊन श्रीकांत एका दिवसासाठी आला आणि संध्याकाळी परत गेला. बरोबर ना, उषाबाई?"

उषाबाई पदराचं टोक पिळत होत्या.

"झाकण उघडं राहिलं माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "त्यानं उडी मारली. मी आले तर फरशीवर वाळून पडलेला. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं ठाऊक आहे. मागच्या टाकीत ठेवला असता तर तुम्हाला कळलं असतं. म्हणून मी सरळ सोडला."

"आणि मालूबाईला ठाण्यात नेलं तेव्हा?" ताईंनी विचारलं.

"मला वाटलं, सोडतील तिला दोन तासांत."

विनायकराव उभे राहिले. "चाळीस दिवस, उषा! फक्त चाळीस दिवस थांबायचं होतं. सात मासे गेले माझे."

दाराशी बसलेल्या बाईकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ताईंनी त्यांना तिचं नाव घेऊन आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "हो हो, अर्ज परत घेतो. पण ही घरातली गोष्ट आहे. गल्लीत कशाला?"

अर्ज मागे घेण्याचा कागदही अरविंदरावांनीच लिहिला. ठाण्यातून शिक्का मारून आणला. त्या संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी पत्नीला, अलकाला, सगळं सांगितलं. मालूबाईला आपल्याकडे पोळ्यांना लावू या, असंही म्हणाले.

"तिनं काही केलेलं नाही, हे पटलं मला," अलकाताई म्हणाल्या. "पण मनात आलं ते आलं. उगीच कशाला?"

अरविंदरावांनी पुढचा घास घेतला.

सकाळी ते शनवारा चौकात गेले. बहादरपुरला मजुरीवर केळी भरायला जाणाऱ्या बायका टेम्पोची वाट बघत होत्या. मालूबाई त्यांच्यात होती. त्यांनी कागद पुढे केला.

"वाचून दाखवा, भाऊ. मले येत नही."

त्यांनी वाचला, मग मराठीत सांगितला. गैरसमजातून तक्रार झाली होती, मालूबाईविरुद्ध आता काही म्हणणं नाही.

"यात उषाबाईचं नाव आहे?"

"नाही."

"माहं आहे?"

"आहे."

टेम्पो आला. मालूबाईने कागदाची घडी घातली, त्यांच्या हातात परत दिली आणि ती चढली.