अर्धी वीत खचलेला पाय

चाचणीत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव ड्रोन पाडणाऱ्या तोफेला काल सहापैकी एकही का पाडता आला नाही? सन २०७१मधल्या त्या दुपारी अकरा वर्षांच्या मृण्मयीच्या डोक्यात हेच घोळत होतं. काल शत्रूच्या ड्रोननी गावचं पंपघर फोडलं, त्यात पंप चालवणारी सुलभाकाकू गेली. आज मृण्मयीचे बाबा तिथेच दुरुस्तीला उतरले होते, आणि ड्रोन पुन्हा येणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तोफ बनवणारे डॉ. टिळेकर, म्हणजे तिचे आजोबा, सकाळपासून तोफेशेजारी संगणकापुढे डोकेफोड करत होते. मृण्मयीने त्यांच्यासाठी आणलेला डबा उघडून आमटीची वाटी तोफेच्या बैठकीवर ठेवली.

"आजोबा, आमटी एकाच बाजूने का सांडतेय?"

आजोबा वाकले. ट्रकने ओढून आणलेली तोफ चार पायांवर उभी होती; त्यातला मागचा एक पाय काळ्या मातीत अर्धी वीत खचला होता.

"रडार (रेडिओलहरींनी वस्तू शोधणारं यंत्र) ड्रोन दाखवतं," ते हळूहळू म्हणाले. "गोळा पोचेपर्यंत तो कुठे असेल ते संगणक काढतो आणि नळी तिकडे वळवतो. पण तोफ सपाट उभी आहे, हे तो गृहीत धरतो."

"अर्धी वीतच तर खचलाय!"

"दोन अंश. इथे अर्धी वीत, पण दोन किलोमीटरवर सत्तर मीटर! अंतर वाढतं तशी चूक वाढते."

"पाणसळ (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी) लावली नव्हती?"

"सुरुवातीला एकदाच. चाचणी कातळावर झाली होती गं. इथे प्रत्येक फैरीच्या धक्क्याने पाय खचत गेला. सपाटी सतत मोजणारं यंत्र बसवू, असं जवान म्हणत होते. मीच म्हटलं, कशाला उगीच!"

तेवढ्यात भोंगा वाजला. जवानांनी तोफ ट्रकला जोडली आणि शेजारच्या कातळावर ओढत नेली. मृण्मयीला खंदकात पाठवलं. आजोबा मात्र पाणसळ घेऊन तोफेच्या पायाशीच बसले. मृण्मयी कान देऊन ऐकत होती. दर फैरीनंतर त्यांची हाक येई, "सपाट!" मगच पुढची फैर सुटे. आकाशात सहा स्फोट झाले.

संध्याकाळी बाबा घरी आले. मृण्मयी त्यांना घट्ट बिलगली.

आजोबांनी नव्या तोफेचा आराखडा काढला, चारही पायांत सपाटीमापक असलेला. खाली लिहिलं : 'आधीची चूक माझी.'

"हा आता कारखान्यात पाठवायचा?" मृण्मयीने विचारलं.

"उद्या. आधी सुलभाच्या घरी," आजोबा म्हणाले. "चल माझ्याबरोबर. एकट्याने जायचा धीर होत नाही."