भूजाण बूट

मंगळावर गेल्या सहा वर्षांत कुणी खड्ड्यात पडून मेलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय हेमांगी सरदेसाईनं बनवलेल्या बुटांना होतं.

तिथली जमीन फसवी. वर दगडाचा थर, खाली लाव्हा वाहून गेल्यावर उरलेली पोकळी. हेमांगीचे ‘भूजाण’ बूट दर पावलाला जमिनीत बारीक कंप सोडत आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून तिची ताकद जोखत. पुढची जमीन भक्कम असेल तर टाचेला हलकी थरथर जाणवे. नसेल तर पोशाखाचे गुडघेच आवळले जात. पाऊल उचलताच येत नसे.

त्या दुपारी कड्यावरून घरंगळलेल्या धोंड्यानं भूगर्भतज्ज्ञ रुक्साना मुजावरच्या पायाखालची जमीनच फोडली. ती कोपरांवर लोंबकळत राहिली. गाडीचा चालक हरेश तांडेल दोरी घेऊन धावला आणि मध्येच थबकला.

“ताई, गुडघे आवळलेत! दोरी पोचत नाहीये!”

तळावर पडद्यासमोर बसलेली हेमांगी म्हणाली, “पुढचा थर पातळ आहे, हरेश. तुझं वजन पेलेल, न पेलेल.”

“म्हणजे नक्की काय?”

“बुटाला खात्री नाही. खात्री नसली की अडायचं, हे मीच शिकवलंय त्याला.”

“मग सोडवा ना! हात सुटतायत तिचे!”

रुक्सानाची धाप दोघांच्याही कानांत घुमत होती. एक जीव जाईल, नाहीतर दोन. हेमांगीनं डोळे मिटले आणि कळ दाबली. पडद्यावर अक्षरं उमटली : गुडघे मोकळे.

“जा! जपून जा.”

हरेश हलला नाही. “अजून अडलेत, ताई.”

तिनं पुन्हा पाहिलं. मोकळेच होते.

“सुटलेत रे! टाक पाऊल!”

“टाचेला थरथर कुठंय? अडलेत म्हणतोय ना!” तो रडत होता, जिवाच्या आकांतानं स्वतःला पुढं लोटत होता. खोटं बोलत नव्हता.

मग रुक्सानाच्या कोपरांखालची कड तुटली.

चौकशीच्या आदल्या दिवशी हरेश हेमांगीच्या खोलीत आला.

“बूटच अडले होते ना, ताई?”

सहा वर्षं त्याच्या पायांनी एकही पाऊल स्वतःच्या भरवशावर टाकलं नव्हतं. हे त्याला कसं सांगायचं?

“हो रे,” ती म्हणाली. “माझेच बूट.”

त्यानं मोठा श्वास सोडला, डोळे पुसले आणि जायला निघाला. दाराशी मात्र थांबला. पायांत साधे मोजे होते, समोर तळाची पक्की फरशी होती. तरीही तो पाय न उचलता, कशाची तरी वाट पाहत उभा राहिला.