अकोला – साठ मैल

प्रमोदिनीची सायकल चालेना म्हणजे चालेनाच. पुढचं चाक असं गच्च बसलं होतं, की जणू कुणी मडगार्डात लाकूड ठोकून ठेवलंय. तिने ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं, आणि मग आजूबाजूला कुणी नाही अशी खात्री करून एक लाथही घातली.

"तिले कायले मारता जी? तिनं काय केलं तुमचं?"

प्रमोदिनी दचकून वळली. बांधावर एक उंच, सावळा तरुण उभा होता. पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, डोक्याला रुमाल, काखेत तुरीची पेंढी. चेहरा गंभीर... पण डोळे मात्र खुशाल हसत होते.

"चाक फिरत नाही," ती म्हणाली.

"अमरावतीच्या दिसता."

"कशावरून?"

"पानी पडल्यावर काळ्या मातीतून सायकल नेनारं मानूस आमच्या नांदगावात अजून पैदा नाई झालं."

गोष्ट एकसष्ट सालच्या पौषातली. आदल्या दिवशी अवकाळी सर येऊन गेली होती. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर नवी गिट्टी पसरलेली. टायर फाटायला नको म्हणून ही शहाणी बाजूच्या गाडीवाटेने उतरली. वऱ्हाडातली काळी माती ओली झाली, की आधी चाकाला चिकटते, मग मडगार्डात शिरते, आणि मग तुम्हाला तिथेच मुक्कामाला ठेवून घेते. हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. वकील बापूसाहेबांच्या बी.ए. झालेल्या, कन्याशाळेत भूगोल शिकवणाऱ्या लेकीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"हसून झालं असेल तर मदत करा. नाहीतर—"

"नाईतं काय? मले बी लाथ मारसान?"

तिला हसू आलं. ते लपवायला तिने मान खाली घातली, आणि ते त्याने पाहिलंच.

त्याने तुरीची एक काडी मोडली, चाकातली माती उकरून काढली. मग खोपटातून पान्हा आणून काही न विचारता दोन्ही मडगार्ड सोडवायला घेतले.

"अहो, ते माझे आहेत!"

"तुमचेच हायेत. अकोल्याच्या फेरीसाठी सराव करून राहिल्या न? मंग हे वजन कायले वाहता? पुढच्या ऐतवारी या, घेऊन जा."

"फेरीचं तुम्हाला काय ठाऊक?"

"मी बी नाव देल्लं हाये. सूर्यभान म्हनतात मले."

पुढच्या रविवारी ती गेली. मडगार्ड आणायला, असं घरी सांगून. मडगार्ड घ्यायला मात्र विसरली.

त्या फेरीची अमरावतीत तेव्हा मोठी चर्चा होती. कॅन्सरच्या रोग्यांना उपचारासाठी मुंबईला पाठवायचं, त्यांच्या राहण्याची सोय करायची, यासाठी गावातल्या तरुणांनी एक समिती काढली होती. अमरावती ते अकोला सायकलने जायचं आणि वाटेतल्या गावागावांत मदत मागायची; दमलेल्यांसाठी सोबत एक ट्रक. प्रमोदिनीच्या शाळेतल्या ललिताबाई मुंबईत राहायची सोय होईना म्हणून उपचार अर्धवट सोडून परत आल्या होत्या. दिवाळी त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या वर्गाचा हजेरीपट आता प्रमोदिनीकडे होता. फेरीची बातमी कळली त्याच दिवशी तिने नाव दिलं.

समितीचे सेक्रेटरी कमलाकांत. केसांचा भांग असा, की पट्टीने आखलेला. ते म्हणाले, "मुली बडनेऱ्यापर्यंत येतील. सहा मैल. तिथे फोटो निघेल, मग यष्टीने अकोल्याला."

"मी सायकलने अकोल्याला येईन," प्रमोदिनी म्हणाली.

"दम लागेल तुम्हाला."

"मलाच लागेल ना? मग तुम्ही का धापा टाकताय?"

तिची मैत्रीण कुंदा तोंडाला पदर लावून हसली. कमलाकांतांनी नाव लिहून घेतलं, पण पेन्सिलीने.

आणि रविवारमागून रविवार सराव सुरू झाला. नांदगावला बावीस मैल जाणं, बावीस मैल येणं. परतीला सूर्यभान बडनेऱ्यापर्यंत सोबत यायचा. सीट किती उंच हवी, चढ आला की आधीच वेग कसा धरायचा, पाणी घोटघोट कसं प्यायचं, सगळं त्याने शिकवलं. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधूनच हुरड्याच्या धुराचा वास, आणि पुढे त्याची पाठ.

"माझ्या मागं राहा," तो म्हणायचा. "वारा मी खातो."

"मला नाही कुणाच्या मागे राहायचं."

"मंग पुढे व्हा. मले काय, मले तं बरंच हाये... पुढे पाहाले."

"काय पाहायला?"

"रस्ता! दुसरं काय?"

तिचे कान तापले. तिने पेडल असं मारलं, की तिला गाठायला त्याला अर्धा मैल लागला.

एका रविवारी नांदगावच्या वेशीशी तिचं पाचवारी पातळ चेनमध्ये अडकलं आणि टर्रकन फाटलं. सूर्यभान तिला घरी घेऊन गेला. त्याची आई, जमुनाबाई, दारात ज्वारी पाखडत होती. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. शेत आणि पोरगा दोन्ही तिने एकटीने वाढवलेले. प्रमोदिनीकडे तिने खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे तुयी सायकलवाली व्हय?"

"माय, माझी नाई—"

"मी सायकलीचं पुसलं. तू काऊन लाल होऊन राह्यला?"

तिने प्रमोदिनीला आत नेलं, दार लावलं आणि स्वतःचं एक लुगडं काढलं. "असं कासोटा घालून नेसजो. मंग पाह्य, चेनच्या बापाले सापडत नाई."

नेसवता नेसवता तिचा डावा हात वर गेला आणि ती कळवळली. प्रमोदिनीने तो हात धरला. "काय होतंय, आई?"

"काई नाई वं."

"दाखवा मला."

जमुनाबाईने दाराची कडी पुन्हा एकदा पाहिली. मग तिने प्रमोदिनीची बोटं धरून छातीशी नेली. आवळ्याएवढी टणक गाठ होती.

"दसऱ्यापासून हाये. पोट्ट्याले अशी गोष्ट कशी सांगनार? शपथ हाये तुले. बोलजो नोको."

"आई, यावर इलाज आहे. मुंबईला—"

"ममईले जाऊन कोनी वापस नाई येत."

"येतात. लवकर गेलं तर येतात."

जमुनाबाई हसली. "आयक पोरी. या रोगातून बाई उठली, असं म्या नाई आयकलं. पोट्टीनं साठ मैल सायकल हाकली, हे बी नाई आयकलं. तू दुसरी गोष्ट करून दाखव. अकोल्याले जठारपेठेत माझी बहीण राह्यते, पार्बता. तेथी येऊन बसतो मी. तू सायकलवर आलीस, तं मी ममईले जातो. ट्रकात बसून आलीस, तं मले पुन्हा सांगजो नोको."

"आणि आले तर सूर्यभानला तुम्ही स्वतः सांगायचं."

"वा! वकिलाची पोट्टी हायेस खरी." तिने कासोटा कचकन आवळला. "मंजूर."

फेरीला तीन आठवडे उरले होते. प्रमोदिनीने गावातल्या डॉक्टरीणबाईंना नाव न सांगता विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "वेळ गेलेली नाही. पण एकेक दिवस मोलाचा समज." तेव्हापासून ती शाळा सुटल्यावरही रोज दहा मैल मारू लागली. रविवारी सूर्यभान थट्टा करायचा आणि तिला हसता येईना. त्याच्याकडे बघितलं, की जिभेच्या टोकावर आलेलं मागे ढकलावं लागे.

"काई चुकलं काय माझं?" एकदा त्याने विचारलं. त्याचा आवाज असा हळू झालेला तिने कधी ऐकला नव्हता.

"नाही. तुमचं काही नाही चुकलं."

"मंग आजकाल पाहात नाई माझ्याकडं."

"अकोला झालं की पाहीन," ती म्हणाली. "मनसोक्त."

तो ब्रेक दाबून जागीच थांबला. ती पुढे निघून गेली होती.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी, तांबडं फुटताना, एकवीस सायकली राजकमल चौकातून निघाल्या. प्रमोदिनीने जमुनाबाईचं लुगडं नेसलं होतं. बापूसाहेबांनी ते पाहिलं, घसा साफ केला आणि एवढंच म्हणाले, "मी पॅसेंजरने अकोल्याला येतोय. तुझ्या आधी पोचेन, की नंतर?"

"आधीच. पण फार आधी नाही."

बडनेऱ्याला फोटो निघाला. मुली यष्टीत बसल्या. कमलाकांतांनी प्रमोदिनीसाठी दार उघडं धरलं. ती त्यांना नमस्कार करून पुढे निघाली.

मूर्तिजापूरपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे भाकरी-ठेचा खाल्ला, आणि मग पश्चिमेचा वारा सुटला. समोरून, छातीवर हात ठेवून मागे लोटणारा. सोबतच्या ट्रकात एकेक जण बसू लागला. कमलाकांत तर डोक्यावर ओला रुमाल घेऊन आडवेच झाले होते. बोरगाव मंजूच्या अलीकडे प्रमोदिनीच्या उजव्या पोटरीत असा गोळा आला, की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसली.

सूर्यभान सायकल टाकून धावला. गुडघ्यावर बसून त्याने तिची टाच तळहातात धरली, पाऊल हळूहळू वर दाबलं. "बस झालं आता. बसा ट्रकात. पन्नास मैल झाले, कोन नाव ठेवन तुमाले?"

"नाही."

"काऊन इतकी जिद? कोनासाठी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवयांवर धूळ बसली होती. सांगावं... आत्ता, इथेच... पण सांगितलं, तर हा सायकल फेकून आईकडे धावेल, आणि ती म्हातारी 'नाही' म्हणून मोकळी होईल.

"सूर्यभान, मला काही विचारू नकोस," ती म्हणाली. "मला अकोल्याला पोचायचंय. तू फक्त पुढे चाल."

'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो उठला. त्याने तिची सायकल सरळ केली, सीट पुसली.

"माझ्या मागच्या चाकावर नजर ठेवजो," तो म्हणाला. "सोडू नोको."

मग दहा मैल तिने दुसरं काही पाहिलं नाही. ते चाक, आणि त्यापलीकडे वाऱ्यात फुगलेला त्याचा सदरा. तो वेग वाढवायचा नाही, कमी करायचा नाही. दुखतंय का, हेही विचारायचा नाही. अमरावतीपासून बडबडत आलेला माणूस एक शब्द बोलला नाही, आणि त्या मुकेपणाला धरून ती पुढे सरकत राहिली.

अकोला आलं. जठारपेठेत दुकानांच्या फळ्यांवर माणसं उभी होती. सात सायकली आल्या, त्यातली सहावी तिची. टाळ्या वाजल्या, कुणी हार घातला. तिला कळलं नाही. ती गर्दीत एकच चेहरा शोधत होती. पार्बताबाईच्या ओट्यावर जमुनाबाई उभी होती, आणि रडत होती. नांदगावात कुणी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"सूर्यभान," तिने हाक मारली. "आत ये. मले बोलाचं हाये."

प्रमोदिनी ओट्यावर बसून राहिली. बापूसाहेब शेजारी उभे; त्यांना काही समजेना. आतून कुजबूज आली. सूर्यभान बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"तुले मालूम होतं?"

"हो. तीन आठवडे."

"अन् मले सांगतलं नाई?"

"शब्द दिला होता. सांगितलं असतं, तर त्या गेल्या नसत्या."

तो तिच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत राहिला. कोनासाठी, याचं उत्तर आता त्याला मिळालं होतं.

जमुनाबाई दारात येऊन उभी राहिली. "झालं तुमचं? मी जातो म्हटलं न ममईले. पन बायांच्या वार्डात या पोट्ट्याले कोन घुसू देईन? माझ्याजवळ राह्यन कोन?"

"मी येते," प्रमोदिनी म्हणाली. जराही न थांबता.

बापूसाहेबांनी चष्मा काढला. उलटतपासणीच्या आधी ते काढत, तसाच. "कोणत्या नात्याने?"

प्रमोदिनीने वडिलांकडे पाहिलं नाही. ती वळली आणि सूर्यभानकडे बघू लागली, मनसोक्त. "सांग त्यांना. कोणत्या नात्याने?"

"मी... म्हंजे... वकीलसाहेब, आमी कुनबी मानसं. तुमचं घर... पन—" त्याने रुमाल काढला, घाम पुसला, पुन्हा बांधला. "सून म्हनून. माझ्या मायची. तुमी हो म्हटलं तं."

"आणि मला कोण विचारणार?"

"तुमाले... तुले..." मग त्याने श्वास घेतला आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "येशीन?"

"मुंबईला?"

"ममईले. अन् तेथून घरी बी."

"येईन," ती म्हणाली. "दोन्हीकडे."

बापूसाहेब गर्दीकडे बघत राहिले, जावयाकडे बघत राहिले, लेकीच्या अंगावरच्या त्या धुळकट लुगड्याकडे बघत राहिले. त्यांच्या सात पिढ्यांत असा खटला उभा राहिला नव्हता. शेवटी त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. तुझ्या आईला हे मी सांगणार नाही."

"मी सांगतो तिले," जमुनाबाई म्हणाली आणि पदर खोचला. "कोठी राह्यते ते?"

प्रमोदिनी हसायला लागली. हसता हसता उठायला गेली, तर पोटरीत पुन्हा गोळा आला. सूर्यभानने तिला सावरायला हात पुढे केला. जठारपेठेतल्या सगळ्या दुकानांदेखत तिने तो धरला, आणि उभी राहिल्यावरही सोडला नाही.