एकशे शहाऐंशी अंश

वादळाचा तिसरा दिवस होता. सौरपट्ट्यांवर ऊन नव्हतं आणि वारा इतका पिसाळलेला, की पवनचक्क्या बांधून ठेवाव्या लागल्या होत्या. सगळ्या तालुक्याची भिस्त आता एकट्या उन्हवणी गावच्या विहिरीवर होती.

ही विहीर पाण्याची नव्हती. तीन किलोमीटर खोल, तापलेल्या खडकात पाणी सोडायचं आणि वर येणाऱ्या वाफेवर जनित्र फिरवायचं. केंद्रप्रमुख रेवा खानविलकर पडद्यावरून नजर हलवत नव्हती. खडकाचं तापमान : एकशे शहाऐंशी अंश.

दुपारी जिल्हा नियंत्रण कक्षातून मोकाशींचा फोन आला.

"मॅडम, नऊ मेगावॅट पुरत नाहीत. बारा करा. चारच दिवस."

"खडक निवेल, साहेब. पृथ्वीच्या पोटातून जेवढी ऊब वर येते, तेवढीच आपण घेतो."

"पण ही ऊर्जा अक्षय आहे ना?"

"धूर होत नाही, एवढंच. ओरबाडली तर हीही संपते. पलीकडच्या विहिरीतूनही आधी चारच दिवस जास्त घेतली होती. मग ते रोजचंच झालं आणि सहा वर्षांत ती थंड झाली. अजून तापलेली नाही."

"रुग्णालयात सतरा जण कृत्रिम श्वासावर आहेत."

"रुग्णालयाला किती लागते?"

"अर्धा मेगावॅट."

"आणि बंदरावरच्या शीतगृहांना?"

"तीन. पण त्यांची वीज तोडायचा हुकूम मी देणार नाही. लोक मला फाडून खातील."

"मग मी बंद करते," रेवा म्हणाली आणि तिने बंदराची वीजवाहिनी तोडली.

दहा मिनिटांत नवऱ्याचा, सुदेशचा फोन आला. त्यातलं एक शीतगृह त्याचंच होतं.

"रेवा, वीज गेली. आत अख्ख्या कोळीवाड्याची मासळी आहे."

"ठाऊक आहे. मीच बंद केली."

सुदेशने फोन ठेवला.

चार दिवसांनी ऊन पडलं. सतराही जण जगले होते. खडक एकशे शहाऐंशीवरच होता. सडलेली मासळी खड्डे खणून पुरावी लागली. सुदेश घरात वावरत होता, पण तिच्याशी बोलत नव्हता.

केंद्राच्या फाटकाशी शेवंता तांडेल उभी होती. तिची दोन होड्यांची मासळी त्या खड्ड्यात गेली होती. रेवाने तिला सगळं समजावलं. खडक, ऊब, पुढची शंभर वर्षं.

शेवंताने शांतपणे ऐकून घेतलं.

"माणसं वाचली, त्याचं बरंच वाटतं," ती म्हणाली. "पण बाई, ही ऊब तू आमच्या नातवंडांसाठी राखलीस म्हणतेस. आमचीच चूल विझली, तर ती नातवंडं या गावात राहतील का?"