सुलभा डाबरेची शिफारस

अजितला मी पहिल्यांदा पाहिलं ते खुर्च्या उचलताना, आणि सरळ कामाला लावलं.

मल्लेश्वरमच्या आमच्या चर्चमागच्या हॉलमध्ये बंधुसेवा मंडळाची सभा होती. मी वेळेआधी पोचले होते. चार खुर्च्या घेऊन एक उंच, सावळा मुलगा आत आला. हा हॉलवरचा माणूस असणार असं मी धरूनच चालले आणि हिंदीत फर्मावलं, की एक खुर्ची पंख्याखाली ठेवा, मला उकडतंय. त्यानं ठेवली. रुमालानं पुसलीसुद्धा. मग चक्क मराठीत म्हणाला, "बसा अक्का. स्वल्प हलते, पण पडणार नाही."

मी बसले. खुर्ची हललीच. पाच मिनिटांनी अध्यक्ष अरुळप्पांनी त्याची ओळख करून दिली – अजित साळवे, मंडळाचा सगळ्यात तरुण सभासद. वडील संगमनेरहून इथल्या सरकारी कारखान्यात आलेले, हा जन्मानं बंगळुरूचा. तो गालातल्या गालात हसत होता. मी अजिबात ओशाळले नाही. म्हणजे ओशाळले, पण दाखवलं नाही.

मी वसईची. सुलभा डाबरे. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, मल्लेश्वरमात लेडीज हॉस्टेल, साल शहाण्णव. माझे पप्पा तीस वर्षं आमच्या गावच्या अशाच एका मंडळात होते. आजाऱ्यांपाशी बसायचं, औषधं पोचवायची, कुणाचे अर्ज लिहून द्यायचे. लहानपणी मी त्यांची पिशवी धरून सभेच्या दारापर्यंत जायचे. पुढं मुलींना प्रवेश नव्हता. बाहेरच्या बाकावर पाय हलवत मी किती शनिवार काढले त्याला गणती नाही. बंगळुरूच्या या मंडळानं त्या वर्षी पहिल्यांदा बायकांना दार उघडलं आणि पहिला अर्ज माझा गेला. मला त्या दाराच्या आत बसायचं होतं, बस्स.

अरुळप्पांनी नियम वाचून दाखवले. नव्या माणसानं तीन महिने एका जुन्या सभासदाबरोबर घरभेटी करायच्या. एकट्यानं जायचं नाही. कुणाच्या घरी उभं राहायचं नाही, ते दाखवतील तिथं बसायचं. तीन महिन्यांनी जोडीदारानं सभेपुढे शिफारस करायची. आणि शेवटचा नियम – शिफारस करणाऱ्याचं उमेदवाराशी नातं नसावं, नातं जोडायचा विचारही नसावा. असला तर शिफारस बाद, जोडीदार नवा, पुन्हा तीन महिने. पूर्वी म्हणे मेव्हण्यांनी मेव्हण्यांच्या शिफारशी करून मंडळाचं लग्नघर करून टाकलं होतं. मला हसू आलं. मी खाली सही ठोकली, आणि जोडीदार म्हणून अजित मिळाला.

आमच्या वाट्याला आली ठकुबाई. मार्केटमागच्या एका खोलीत एकटी राहणारी सत्तरीची म्हातारी. नवरा निपाणीहून इथल्या गिरणीत आलेला; तो गेला, ही राहिली. कानडी तिला समजायचं, पण मनातलं बोलायला मराठीच लागायची, आणि अजितची मराठी तिला मुळीच पसंत नव्हती. मला पाहिल्यावर ती तासभर बोलायची थांबलीच नाही.

तिच्या खोलीत बसायला एकच जागा – पत्र्याची पेटी. नियम म्हणजे नियम. पहिल्या शनिवारी आम्ही दोघं दोन टोकांना असे बसलो की दोघांचंही अर्धं अंग हवेत. चौथ्या शनिवारपर्यंत टोकं सुटली होती. अजित कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. त्याच्या बाहीला पेन्सिलीचा वास यायचा. मी ठकुबाईच्या भाच्याला पत्र लिहायचे, तेव्हा तो खाली बसून तिच्या सुजलेल्या पायांना तेल चोळायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. मान खाली घालून, जराही घाई न करता... तिथंच माझी विकेट पडली, हे कबूल करून टाकते.

"पोरी, ह्यो तुजा कोण?" ठकुबाईनं एकदा त्याच्यादेखत विचारलं.

"मंडळाचा आहे," मी म्हणाले.

"मंडळाचा व्हय," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत बसली.

भेट संपली की आम्ही कोपऱ्यावर कॉफी प्यायचो. तो मला कानडी शिकवायचा, मी त्याच्या मराठीच्या चुका काढायचे, आणि दोघंही मुद्दाम सावकाश प्यायचो. सहाव्या शनिवारी माझ्या लक्षात आलं, की याचं 'अक्का' बंद झालंय. या गावात भाजीवालीपासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्या अक्का, म्हणजे थोरल्या बहिणी. मग मीच का नाही?

"हल्ली मला अक्का म्हणत नाहीस?"

तो कपात बघत राहिला. "जमत नाही आता."

"का बरं?"

"ते... सभा झाल्यावर सांगतो."

मी पुढं विचारलं नाही. उत्तर मला कळलं होतं आणि शेवटचा नियमही पाठ होता. मी मनाशी हिशेब मांडून टाकला – सभेत तो 'नाही' म्हणेल, मी आत जाईन, मग बाहेरच्या पायऱ्यांवर तो जे सांगायचं ते सांगेल. मी पप्पांना पत्रसुद्धा लिहिलं, की ऑक्टोबरात मी सभासद झालेली असेन.

सभेत अजित माझ्याबद्दल इतकं छान बोलला की मला माझीच नव्यानं ओळख झाली. मग अरुळप्पांनी भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट करून नेहमीचा प्रश्न विचारला. नातं आहे का? जोडायचा विचार?

"नातं नाही," अजित म्हणाला. मी श्वास सोडला. "विचार आहे. तिला अजून विचारलेलं नाही."

मला असा राग आला म्हणता. अरुळप्पांनी चष्मा काढला आणि मला शांतपणे सांगितलं, की हे एकतर्फी असेल तर तसं बोल. शिफारस धरू आणि तुला आजच आत घेऊ.

एक शब्द. 'नाही' म्हटलं की मी आत. अजित माझ्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता, कान लाल झालेले. त्यानं माझी सगळी घडी विस्कटली होती, आणि खोटं बोलला नव्हता म्हणूनच विस्कटली होती.

"विचार माझाही आहे," मी म्हणाले. "शिफारस बाद करा. नवा जोडीदार द्या, येत्या शनिवारपासूनच."

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला फैलावर घेतलं. "आधी सांगता येत नव्हतं?"

"आधी सांगितलं असतं तर तू मला 'नाही' म्हणायला लावलं असतंस."

"लावलंच असतं," मी म्हणाले. मग आम्ही दोघंही हसत सुटलो, आणि त्यानं तिथंच, भुरभुर पावसात, रीतसर विचारलं. मी म्हणाले, आत सांगितलंय ना, सभेच्या वहीत लिहिलंय, बघून ये.

पुढचे तीन महिने माझ्या जोडीला पद्मावती अम्मा होत्या – बायकांना घ्यायचं ठरलं तेव्हा बिनशिफारशीच्या घेतलेल्या एकट्याच, निवृत्त शिक्षिका आणि महाकडक. ठकुबाईची पाऊण पेटी त्या एकट्याच व्यापायच्या. पण जानेवारीत त्यांनी माझी शिफारस केली, दोनच वाक्यांत.

त्या दिवशी पप्पा वसईहून आले होते. पाहुण्यांना आत प्रवेश नाही, म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसले. माझ्याशी 'विचार' जोडलेल्या अजितलाही माझ्या निवडीपुरतं बाहेर काढलं होतं. छातीवर बिल्ला लावून मी दाराबाहेर आले, तर दोघं बाकाच्या दोन टोकांना बसलेले.

पप्पांनी बिल्ल्याकडे पाहिलं. मग अजितकडे मान वळवून म्हणाले, "हा म्हणतो, पहिल्याच दिवशी तू याला पंख्याखाली खुर्ची ठेवायला लावलीस."

"लावली."

"छान केलंस," पप्पा म्हणाले आणि मला बसायला सांगितलं.

मध्ये बक्कळ जागा होती, ठकुबाईच्या पेटीवर कधीच नव्हती इतकी. तरी मी पप्पांच्या देखत अजितला खेटून बसले.